पॅकेजराव

एखादी गोष्ट नुसती चालते म्हटल्याने पॅकेजरावांचं समाधान होत नाही. ती रीतसर बसली पाहिजे, आणि उद्या काढायची म्हटलं तर रीतसर निघाली पाहिजे. कुणी 'मेक इन्स्टॉल' मारून फायली थेट सिस्टिममध्ये ओतल्या असं कानावर आलं, की पंगतीत बूट घालून बसलेला माणूस दिसावा तसा त्यांचा चेहरा होतो. १६ ऑगस्टला ते ऑफिसात पेढे वाटतात. १९९३ साली त्या दिवशी इयन मर्डॉकने डेबियन या लिनक्स वितरणाची घोषणा केली. नवी पोरं त्यांनाच वाढदिवसाच्या शुभेच्छा देतात. ते त्या डेबियनच्या वतीने स्वीकारतात.

सोसायटीच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर लिनक्स आहे, ते अर्थात यांच्याच कृपेने. सेक्रेटरींना हवी होती तीन ओळींची शेल स्क्रिप्ट: तारीख सम असेल तर 'आज पाणी, सकाळी ७' असं छापायचं. दुसऱ्या कुणीही ती पेन ड्राइव्हवर टाकून दिली असती. पॅकेजरावांनी तिचं रीतसर पॅकेज बांधायला 'डेबियन' नावाचा फोल्डर थाटला. कंट्रोल फाइलीत नाव, वर्णन, आणि स्क्रिप्टला कुठलंही मशीन चालतं म्हणून आर्किटेक्चर 'ऑल'. त्या तीन ओळींवर हक्क कुणाचा, हे सांगणारी कॉपीराइट फाइल स्क्रिप्टच्या कितीतरी पट लांब. रूल्सची फाइलही तीन ओळींचीच, पण तिसरी ओळ टॅबनेच सुरू व्हायला हवी. स्पेस दिल्या की मेक तिथेच अडून बसतं. चेंजलॉगची सहीची ओळ लिहून देणारी आज्ञा आयती मिळते, पण पॅकेजराव ती हाताने लिहितात. आधी एक स्पेस, मग दोन डॅश, नाव, ईमेल, मग मोजून दोन स्पेस, आणि तारीख. तारखेचा वार ते भिंतीवरच्या कालनिर्णयात ताडून घेतात.

मग लिंटियन. हे पॅकेजमधल्या चुका काढतं. चारचौघं एरर बघतात, फार तर वॉर्निंग. पॅकेजराव 'पेडँटिक' तक्रारीही मागवून घेतात, ज्या लिंटियन एरवी आपणहून सांगत नाही. लिंटियन म्हणालं, आज्ञेला मॅन पेज नाही. झालं! अख्खी सकाळ मॅन पेज लिहिण्यात गेली.

"अहो, पाणी येऊन गेलंसुद्धा!" आतून आवाज आला.

"तेच लिहितोय," पॅकेजराव म्हणाले.

पॅकेज तयार झालं, १.०-१. बसलंही. पुढच्याच आठवड्यात सेक्रेटरी दारात. "राव, वेळ साडेसहा झालीय. तेवढा सातचा आकडा बदलून द्या की."

"तसं नाही करता येत, साहेब. डॅशनंतरचा आकडा पॅकेजिंगचा, तो माझ्या हातात. वेळ मूळ प्रोग्रॅममध्ये आहे. ती अपस्ट्रीमने बदलायची."

"मग त्यांना फोन लावा. कोण आहेत ते?"

"मीच."

त्या रात्री पॅकेजरावांनी स्वतःच्या नावे सविस्तर बग रिपोर्ट लिहिला. सकाळी मूळ लेखक या नात्याने उत्तर दिलं: माहिती अपुरी, साडेसहा सकाळचे की संध्याकाळचे ते स्पष्ट करावे. पॅकेजर या नात्याने त्यांना ते फार लागलं. एवढं मॅन पेज लिहिलं, ते कुणी वाचतच नाही! तेव्हापासून दोन्ही बाजूंनी पत्रव्यवहार बंद आहे. समेटासाठी दोघांना चहाला बोलवावं असं सेक्रेटरींच्या मनात आहे. कप किती मांडायचे, तेवढंच ठरत नाहीये.