एकाला रेवडी, दुसऱ्याला प्रोत्साहन

रात्री नऊला चॅनेलवर चर्चा रंगात येते. सहा चौकटी, सहा तोंडं, एक घंटानाद करणारा सूत्रधार. विषय : फुकटच्या योजनांनी राज्य बुडणार का?

त्याच सुमाराला राहुरीकडच्या उसात एक माणूस बॅटरी घेऊन दारं धरायला निघालेला असतो. लाईटचा आठवडा रात्रीचा आहे. थ्री फेज येईल तेव्हा मोटार चालू करायची, वाफा भरेल तेव्हा दार मोडायचं. बिबट्याही त्याच वेळी बाहेर पडतो.

या माणसाला चर्चेत चौकट नाही.

माध्यमांचा पक्षपात म्हटलं की आपण लगेच कुठलं चॅनेल कुठल्या पक्षाचं याची यादी करतो. ते शेंबडं पोरही सांगेल. खरा पक्षपात नावं ठेवण्यात असतो. दोन्ही अर्थांनी.

शेतकऱ्याला पंपासाठी पैसे दिले, की ती रेवडी. जुलै 2022 मध्ये पंतप्रधानांनी हा शब्द भाषणात वापरला आणि तेव्हापासून तो चर्चेतून हललेला नाही. बरं, मग कवड्या डोंगराचं काय?

पुण्याहून नगरला येताना सुप्याजवळ मान वर करा. पारनेरच्या त्या डोंगरावर पवनचक्क्या फिरताना दिसतात. पवनचक्की उभारणाऱ्या कंपनीला एके काळी यंत्राच्या किमतीच्या 80 टक्के घसारा पहिल्याच वर्षी दाखवता येई. ज्याचा नफा मोठा, त्याचा कर तेवढा जास्त वाचे. पातं किती फिरलं, वीज किती झाली, याच्याशी त्या सवलतीचा संबंध नव्हता. 2012 मध्ये ती काढली, 2014 मध्ये परत आणली, 2017 पासून निम्म्यावर, 40 टक्क्यांवर आणली.

हिला रेवडी म्हटलेलं कुणी ऐकलंय?

हिचं नाव प्रोत्साहन. सरकारी तिजोरी तीच, सूर्य-वारा तोच. घेणारा बदलला की शब्द बदलतो.

पवनचक्कीची सवलत चूक होती असं मी म्हणत नाही. तिच्याशिवाय या देशातल्या कित्येक डोंगरांवर पाती उभी राहिलीच नसती. पण मग सौरपंपाकडेही त्याच नजरेनं बघा. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्यानं 10 टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यानं 5 टक्के. बाकीचे केंद्र आणि राज्य भरणार. अडीच एकरापर्यंत तीन अश्वशक्तीचा पंप, पाच एकरापर्यंत पाचचा, त्यापुढे साडेसातचा. दिवसा पाणी, बिल नाही. ज्यानं वर्षानुवर्षं रात्री दारं धरली त्याला विचारा, हे फुकट आहे की थकबाकी.

म्हणजे योजना चांगली. मग टोचायचं काय?

टोचायचं हे, की चॅनेलवाले ‘द्यावं की न द्यावं’ यातच अडकलेत आणि ‘दिलेलं चालतंय का’ हे कुणी विचारत नाही.

डिसेंबर 2025 मध्ये महाराष्ट्राच्या नावावर गिनेस विक्रम लागला. एका महिन्यात 45,911 सौरपंप बसवले. बातमी सगळीकडे, फोटो पहिल्या पानावर. काम मोठं आहे, कौतुक व्हायलाच हवं. पण त्यांतले आज किती पंप पाणी ओढतात? योजनेतच पाच वर्षं दुरुस्तीची हमी आहे, विमाही आहे. वादळानं पॅनेल उचललं आणि तक्रार नोंदवली, तर माणूस किती दिवसांत येतो?

विक्रमाला बातमीदार मिळतो. बंद पंपाला मिळत नाही.

पाणी कुठल्या थरावर आहे, हेही कुणी विचारत नाही. पारनेर, पाथर्डी, कर्जत, जामखेडच्या माळावर बोअर खोल गेलेत. जितकं खोल तितकं पाणी कमी, आणि आभाळ भरून आलं की त्याहून कमी. उसाला वरच्या भागात कालवा आणि इकडे साडेसात अश्वशक्तीची मर्यादा! एकाच नगर जिल्ह्यात दोन पाऊसकाळ आहेत, योजना मात्र एकाच मापाची.

‘मागेल त्याला’ हे नावही नीट वाचा. ज्यांनी कोटेशन भरून पोलची वाट पाहिली, त्या पेड पेंडिंगवाल्यांना आता सांगतात, सौर घ्या. त्यांनी मागितला होता पोल. सौर घेणं शहाणपणाचं असेलही, पण मग नाव ‘देऊ ते घे’ असं ठेवा.

या जिल्ह्याला सौरऊर्जा नवी नाही. 2017 मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, तेव्हा सुरुवातीच्या प्रकल्पासाठी राळेगणसिद्धी निवडलं. गावाजवळ प्रकल्प, त्याची वीज शेतीच्या फिडरला, तीही दिवसा. 2023 मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली. खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं, प्रकल्पाच्या गावाला वर्षाला 5 लाख, तीन वर्षं. दिवसाच्या विजेचा याहून बरा रस्ता मला तरी दिसत नाही.

पण गायरानाचं काय?

सरकारी जमीन प्रकल्पाला नाममात्र भाड्यानं जाते. सातबारा ज्याच्या नावावर, त्याला सव्वा लाख. ज्याच्या शेळ्या-मेंढ्या तीन पिढ्या त्या गायरानात चरल्या, त्याच्या नावावर काहीच नाही. ग्रामसभेत तो उठून बोलला, की विकासाला विरोध. पुन्हा एक नाव ठेवलं आणि विषय मिटला.

हीच खोड चर्चेचा विषय बदलला तरी सुटत नाही. दुसऱ्या दिवशी त्याच सहा चौकटी, विषय सीमेपलीकडून आलेल्यांचा. एक चौकट म्हणते शरणार्थी, दुसरी म्हणते घुसखोर. ठरवतं कोण? भारतानं 1951 च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही. निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. 2019 चा नागरिकत्व दुरुस्ती कायदा तीन देशांतल्या सहा धर्मांच्या, 31 डिसेंबर 2014 पर्यंत आलेल्या लोकांपुरता. बाकीच्यांचं काय करायचं, हे संसदेनं नीट लिहिलं नाही. म्हणून ते स्टुडिओत ठरतं.

आश्रय कुणाला द्यायचा, कुणाला नाही, याचे नियम देशाला असायलाच हवेत. सगळ्यांना दार सताड उघडं, असं कुणीच म्हणत नाही. पण नियम कागदावर हवेत, सूत्रधाराच्या घशात नकोत. कोल्हापूरजवळ वळिवड्याला 1943 पासून 1948 पर्यंत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. महायुद्धाची टंचाई होती, तरी जागा झाली. तेव्हा त्यांना काय म्हणायचं यावर कुणी रात्री नऊला ओरडत नव्हतं.

आणि आपल्याच माणसांना आपण काय म्हणतो? पाथर्डीतून, जामखेडमधून दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला बैलगाड्या आणि ट्रॅक्टर निघतात. कोयता, भांडी, तान्हं पोर. सहा महिने दुसऱ्याच्या शिवारात पालात मुक्काम. मुलांची शाळा सुटते. यांच्यासाठी चर्चेत शब्दच नाही. निवडणूक आली की एक सापडतो, मतदार.

मग माध्यमांनी बाजू घेऊच नये का? जरूर घ्यावी. पण उघड घ्यावी.

याच जिल्ह्यानं ते करून दाखवलंय. 1842 मध्ये नगरहून ‘ज्ञानोदय’ निघालं. ते मिशनचं होतं आणि ते लपवत नव्हतं. 1910 मध्ये मुकुंदराव पाटलांनी ‘दीनमित्र’ काढलं. नेवासे तालुक्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून ते चालवलं, 1967 पर्यंत. ना शहर, ना मोठा जाहिरातदार. वडील कृष्णराव भालेकर, 1877 चे ‘दीनबंधु’कार. बापलेक दोघेही सत्यशोधक. ‘दीनमित्र’ कुणाचा मित्र, हे वाचकाला पहिलं पान उलटायच्या आधीच कळायचं.

बाजू नावातच छापलेली होती. आज ती जाहिरातीच्या करारात असते, आणि वर लिहिलेलं असतं ‘निष्पक्ष’.

2024 मध्ये जिल्ह्याचं नाव बदललं. त्यावर किती रकाने भरले ते आठवा. रात्रीच्या फिडरचं वेळापत्रक किती वेळा छापून आलं, तेही आठवून बघा.

म्हणून नगरच्या संपादकांकडे एक मागणी. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तालुकावार तीन आकडे छापा : सौरपंप किती बसले, त्यातले किती चालू आहेत, पंधरा दिवसांहून जुन्या तक्रारी किती. कुठल्याही पक्षाची बाजू घ्यावी लागणार नाही. महावितरणकडे मागा, दिले नाहीत तर ‘दिले नाहीत’ असं छापा.

आणि तुम्ही वाचक. तुमच्या फिडरला थ्री फेज किती वाजता येते, शेजारचा सौरपंप कधीपासून बंद आहे, हे तुमच्या तालुक्याच्या वार्ताहराला आजच फोन करून सांगा. रात्री नऊच्या आत.