दोन हायफन आणि एक स्पेस

यूजनेटवर, म्हणजे संगणकांवरच्या चर्चागटांच्या जुन्या जाळ्यावर, सहीला चार ओळी मिळत. ओळीत फार तर ऐंशी अक्षरं. तेवढ्यात नाव, हुद्दा, विद्यापीठ आणि जागा उरलीच तर एखादं सुभाषित. युनिक्सवर आपल्या डिरेक्टरीत ‘डॉट सिग्नेचर’ नावाची फाइल करून ठेवली की झालं. तिथल्या कुठल्याही गटावर, म्हणजे न्यूजग्रुपवर, काहीही लिहा, सही आपोआप खाली चिकटायची. नावाआधी टिंब असल्यामुळे फाइल साध्या यादीत दिसतही नसे. एकदा लिहा, विसरून जा आणि जगाला वर्षानुवर्षं वाचायला लावा!

चार ओळींचा हट्ट उगाच नव्हता. 1200 बॉडच्या मोडेमवरून सेकंदाला जेमतेम 120 अक्षरं उतरत, म्हणजे भरगच्च सहीला पावणेतीन सेकंद. फोनचं बिल वाचणाऱ्याच्या माथी. वर ‘मलाही असंच वाटतं’ एवढंच लिहून खाली पंधरा ओळींचं आत्मचरित्र जोडणारे महाभाग तेव्हाही होतेच.

त्यावरचा तोडगा मात्र झकास होता. सहीच्या वर एका ओळीत दोन हायफन आणि एक स्पेस. ही खूण दिसली की चांगलं सॉफ्टवेअर समजून घ्यायचं: इथून खाली बढाई. उत्तर देताना ती आपसूक छाटली जायची. शेवटची स्पेस हवीच, आणि ती डोळ्यांना दिसत नाही! आउटलुक एक्सप्रेस हा मेल-प्रोग्रॅम नेमकी तीच गिळायचा. मग शिस्तप्रिय मंडळी त्या न दिसणाऱ्या स्पेसवरून दिसेल त्याच्या अंगावर धावून जात.

मर्यादा म्हटली की ती मोडणारे आलेच. ‘वॉर लॉर्ड ऑफ द वेस्ट’ म्हणवणाऱ्या एका वीराच्या सहीत टाइपाच्या अक्षरांतून काढलेली भलीमोठी तलवार असे. असल्या सह्यांची टर उडवायला ‘ऑल्ट.फॅन.वॉरलॉर्ड’ नावाचा अख्खा ग्रुप निघाला. किबो ऊर्फ जेम्स पॅरीनं तर मुद्दाम शेकडो ओळींची सही करून सगळ्या नियमाचीच थट्टा केली.

माझं मत मात्र अ‍ॅडम बॅकला. अमेरिका तेव्हा सांकेतिक लिपीचे प्रोग्रॅम शस्त्रास्त्रांच्या यादीत धरायची. परवान्याशिवाय निर्यात बंद. 1995 मध्ये या ब्रिटिश गृहस्थानं आरएसए ही सांकेतिक पद्धत पर्ल या संगणकभाषेच्या मोजून तीन ओळींत बसवली. लोकांनी त्या आपापल्या सहीत चिकटवल्या. आता अमेरिकेतून कुणी न्यूजग्रुपवर मांजरांविषयी दोन शब्द लिहिले तरी खालून शस्त्रं निर्यात! वर चौथी ओळ नावासाठी शिल्लक.

त्याच वर्षी निघालेल्या ‘आरएफसी 1855’ या शिष्टाचाराच्या दस्तऐवजानंही चारच ओळींची शिफारस केली. आज ती कुणाच्या खिजगणतीत नाही. ऑफिसातल्या मेलमध्ये मजकूर असतो ‘ओके’. त्याखाली नाव, पदवी, तीन फोन, लोगो, सोशल मीडियाची पाच चिन्हं, कुठल्याशा पुरस्काराचा फोटो आणि हिरव्या अक्षरांत ‘प्रिंट काढण्याआधी झाडांचा विचार करा’. प्रिंट काढलीच तर दुसरा कागद लागतो तो याच ओळीसाठी. सगळ्यात शेवटी बारीक टाइपात कायदेशीर ताकीद: मजकूर गोपनीय आहे, तो तुमच्यासाठी नसेल तर वाचू नका. ही ताकीद हाती येईतो तुमचं सगळं वाचून झालेलं असतं. त्या ‘ओके’सकट.