मोडेमच्या पुढचे काका

"दिवे कोणकोणते लागलेत?"

फोनवर राउटरकाकांचा हा पहिला प्रश्न. कोण बोलतंय, काय झालंय, ही चौकशी नाही. "नेट गेलंय" हे वाक्य तर त्यांना मुळातच मान्य नाही. कुठपर्यंत आहे आणि कुठून गेलंय, हे कळल्याशिवाय ते चपला पायात सरकवत नाहीत. मोडेमवरचा डीएसएलचा दिवा लुकलुकत असेल तर दोष तारेत, म्हणजे एक्स्चेंजपासून जिन्याखालच्या डब्यापर्यंत कुठल्या तरी जोडात पावसाचं पाणी शिरलंय. "तक्रार नोंदवा, नंबर लिहून घ्या. मी येऊन तारेला फुंकर घालू का?" तो दिवा स्थिर, पण इंटरनेटचा विझलेला, तर युजरनेम-पासवर्डची भानगड. ती फोनवरच निपटते. पण सगळे दिवे व्यवस्थित लागलेत आणि तरी एक पान उघडत नाही, असं ऐकलं की आवाजच बदलतो. "कशालाही हात लावू नका. आलोच."

ही जमात आपल्याकडे उगवली ती डीएसएलबरोबर. केंद्र सरकारच्या २००४ च्या धोरणाने २५६ केबीपीएसच्या सतत चालू जोडणीला ब्रॉडबँड म्हणायचं ठरवलं, आणि टेलिफोनच्या त्याच तांब्याच्या तारेतून इंटरनेट घरात आलं. सोबत एक मोडेम आला, त्याला कॉम्प्युटरची एक केबल. मग घरात लॅपटॉप आला, चिरंजीव म्हणाले वायफाय पाहिजे, आणि कुणीतरी बाजारातून राउटर उचलून आणला. टेलिफोनवाला म्हणाला, "मोडेमपर्यंत आमचं, पुढचं तुमचं." दुकानदार म्हणाला, "राउटर ओके आहे, दिवा लागतोय बघा. मोडेमवाल्यांना विचारा." या दोन वाक्यांच्या मधे जी हातभर केबल उरते, तिच्यावर काकांचं राज्य.

काही सोसायट्यांत हे काका बँकेतून निवृत्त झालेले असतात, काहींत दारूगोळा कारखान्यातून. आमचे पाटबंधारे खात्यातले. आयुष्य कालव्यावर गेलेलं, त्यामुळे त्यांच्या लेखी इंटरनेट ही जलसंपदाच. एक्स्चेंज म्हणजे धरण, मोडेम म्हणजे मुख्य कालव्याचं दार, राउटर म्हणजे तिथून फुटणाऱ्या चाऱ्या, आणि मागच्या बेडरूममध्ये दाराला पाय लावून अभ्यास करणारा मुलगा म्हणजे टेलचा शेतकरी. "टेलला पाणी कधीच पुरत नाही," ते त्याला सांगतात. "मी तेहतीस वर्षं हेच ऐकलं. तू काही वेगळं सांगत नाहीयेस."

आले की लगेच राउटरला हात लावत नाहीत. अर्धा चमचा साखरेचा चहा होतो. कापडी पिशवीतून टेस्टर, पक्कड, दोन लॅन केबल, चिकटपट्टी आणि एक सेफ्टीपिन बाहेर येते. मग ते उठतात आणि सगळ्या खोल्यांमधून फिरतात, कारण त्यांना पॅरलल हवा असतो. पॅरलल म्हणजे टेलिफोनचा तो दुसरा डबा, जो आजींच्या पलंगाशेजारी वर्षानुवर्षं असतो आणि ज्याबद्दल घरातलं कुणीही कधीही काहीही सांगत नाही. माणसाचा आवाज तारेत चार किलोहर्ट्झच्या खाली जातो आणि डेटा त्याच्या बराच वरून. दोघांना वेगळं करणारा स्प्लिटर मोडेमपाशी बसवलेला असतो, पण आजींचा फोन त्याच्या आधीच तार तोडून घेतलेला. आजींना बहिणीचा फोन आला की नातवाचं इंटरनेट जातं. "बेकायदा उपसा!" असं ओरडून काका त्या डब्याला फिल्टर लावतात. आजींना वाटतं, आपला फोन टॅप झाला.

तरीही पान उघडत नाही. ते उघडणार नाही हे काकांना फोनवरच कळलेलं असतं. पण लगेच मूळ दुखण्यावर बोट ठेवलं तर चहाचं काय?

मूळ दुखणं साधं आहे. मोडेम स्वतःचा पत्ता सांगतो १९२.१६८.१.१. बाजारातून आणलेला राउटरही पुष्कळदा तोच सांगतो. दोघेही घरातल्या यंत्रांना पत्ते वाटायला बसतात, आणि लॅपटॉपने "मालक कोण?" म्हणून विचारलं की दोघेही हात वर करतात. "एका दारावर दोन कालवा निरीक्षक नेमले की दोघंही दार उघडत नाहीत," हे काकांचं निदान. शासकीय सेवेच्या अनुभवातून आलेलं असल्यामुळे त्यावर कुणी वाद घालत नाही.

उपायाचे मात्र दोन पंथ आहेत, आणि इथे आमच्या सोसायटीचा इतिहास सुरू होतो.

पहिला पंथ ब्रिजवाल्यांचा. मोडेमच्या पानावर जायचं, 'अॅडमिन-अॅडमिन' टाकायचं आणि मोडेमला ब्रिज मोडमध्ये ढकलायचं. मग त्याने डोकं चालवायचं नाही, आलेलं पुढे सोडायचं. केबल राउटरच्या वॅन पोर्टमध्ये जाते, पीपीपीओई निवडायचं, युजरनेम-पासवर्ड राउटरने लक्षात ठेवायचे आणि डायलही त्यानेच करायचं. दुसरा पंथ म्हणतो, कशाला एवढं? मोडेम डायल करतोय ना, करू दे. राउटरचा पत्ता बदला, त्याचं डीएचसीपी बंद करा, आणि केबल वॅनमध्ये न घालता चार लॅन पोर्टांपैकी एकात घाला. राउटर नुसता हवेत फेकायचं काम करील. दहा मिनिटांचा मामला.

काका कट्टर ब्रिजवाले. बी विंगमधला कॉम्प्युटर क्लासवाला मुलगा दुसऱ्या पंथाचा. गणपतीच्या वर्गणीच्या बैठकीत एकदा या दोघांची जी जुंपली, तिच्यात वर्गणीचा आकडा ठरायचा राहून गेला. मुलगा म्हणाला, "काका, लॅनला लावलं की झालं." काका म्हणाले, "झालं? मोडेमलाच सगळं करायला लावलं की तो तापतो, अडकतो. मग तूच रोज बंद-चालू करत बस." यात तथ्य होतं, तेव्हाचे ते स्वस्त मोडेम उन्हाळ्यात खरंच गुदमरायचे. पण माझ्या मते काकांच्या ब्रिजनिष्ठेचं खरं कारण तांत्रिक नव्हतं. लॅनवाला उपाय एकदा बघितला की घरातल्या कुणालाही जमतो. ब्रिज केलेलं घर मात्र कायमचं काकांचं होतं. मोडेम मुका, सगळी अक्कल राउटरमध्ये, आणि राउटरचा पासवर्ड काकांच्या डायरीत.

ही डायरी लाल बांधणीची. तिच्यात फ्लॅटवार नोंदी: युजरनेम, पासवर्ड, व्हीपीआय-व्हीसीआय. हे शेवटचे दोन आकडे काकांना तोंडपाठ. "पुण्यात शून्य-पस्तीस, मुंबईत शून्य-बत्तीस. मुंबईकरांना तीन कमीच." मग एमटीयू. तो मुळात १५०० असतो, पीपीपीओईची आठ बाइट वजा केली की १४९२. हा आकडा चुकला तर गंमत होते, काही साइट उघडतात, काही अर्ध्यावर लटकतात, आणि माणसाला आपलंच काही चुकतंय असं वाटत राहतं. "चौदाशे ब्याण्णव, कोलंबसचं साल," काका सांगतात. पुढे हमखास, "आमची कन्याही तिकडेच असते."

वायफायचे पासवर्डही डायरीत. डब्ल्यूपीए किमान आठ अक्षरं मागतो, म्हणून 'मोरया' असं सांगणाऱ्या वहिनींना काका स्वतःच्या अधिकारात '१२३' जोडून देतात. सोसायटीतल्या निम्म्या घरांचं आराध्य दैवत त्यांना ठाऊक आहे आणि बाकीच्या घरांतल्या मुलांच्या जन्मतारखा. सेक्रेटरीकडेसुद्धा एवढी माहिती नाही.

काकांचा खरा शत्रू बी विंगमधला मुलगा नाही. तो लाइनमन. लाइन तपासायला तो येतो, राउटर बाजूला काढतो, आपला लॅपटॉप थेट मोडेमला लावतो. मोडेम ब्रिजमध्ये, म्हणून अर्थातच काही उघडत नाही. "कुणी हात लावला याला?" असं म्हणून तो टाचणीने मागचं रिसेटचं भोक दाबून धरतो. दहा सेकंदांत काकांचं सगळं बांधकाम वाहून जातं. त्याच्या लॅपटॉपवर पान उघडतं, तो कागदावर सही घेतो, "आमच्याकडून क्लिअर" म्हणतो आणि जातो. मागे राहतात पुन्हा दोन यंत्रं, पुन्हा १९२.१६८.१.१, आणि फोनवर काका. "दाबलं? त्याने दाबलं? आणि तुम्ही बघत बसलात?"

हे झालं आडमुठेपणाचं. पण माणूस बिनकामाचा नाही, आणि त्यांनी केलेली एक गोष्ट मला अजूनही थोर वाटते. हळूहळू प्रत्येक फ्लॅटमध्ये राउटर आला, आणि संध्याकाळी सातनंतर सगळ्यांचाच वायफाय रडायला लागला. काकांनी लॅपटॉप घेऊन जिना खालीवर केला आणि लक्षात आलं की झाडून सगळे सहा नंबरच्या चॅनलवर बसलेत. दोन पॉइंट चार गिगाहर्ट्झमध्ये चॅनल नावाला तेरा. एकमेकांच्या पायावर पाय न देणारे तीनच: एक, सहा आणि अकरा. दुसऱ्या दिवशी नोटिस बोर्डावर, पाण्याच्या टँकरच्या बिलाशेजारी, आवर्तनाचा तक्ता लागला. तळमजला: एक. पहिला मजला: सहा. दुसरा: अकरा. तिसरा: पुन्हा एक. खाली सही, आणि सवयीने 'उपअभियंता' असं लिहून खोडलेलं.

लोक हसले, पण वायफाय सुधारला. तिसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूने तेवढा 'ऑटो' ठेवला. त्याला काकांनी जिन्यात गाठून पाणीवाटप संस्थांचं महत्त्व अर्धा तास समजावलं. पुढच्या महिन्यात तो जागा सोडून गेला. भाडं वाढलं म्हणून गेला असं घरमालक सांगतात.

राउटर ठेवायचा कुठे, हा वेगळाच अध्याय. काकांचं म्हणणं, घराच्या मधोमध आणि उंच. टू बीएचके फ्लॅटचा मधोमध म्हणजे संडास-बाथरूमवरचा माळा, आणि तिथे पाण्याची टाकी. पाणी आणि लोखंड वायफाय पिऊन टाकतात. "पाण्यानेच शेवटी घात केला," असं काका खात्याची आठवण काढून म्हणतात. मग लोखंडी कपाट सरकवण्याचा प्रस्ताव येतो. ते आजेसासूबाईंच्या वेळेपासून तिथेच असतं आणि त्यात लॉकर असतो. प्रस्ताव फेटाळला जातो. शेवटी राउटर टीव्हीच्या शोकेसवर, काचेच्या मोराशेजारी जातो, आणि टेलचा शेतकरी टेललाच राहतो.

काकांच्या स्वतःच्या घरी मात्र वायफाय कधीच धड चालला नाही, कारण तिथे कायम काहीतरी उघडं असतं. काकू दिवाणखान्यात मोडेमला थेट केबल लावून बसतात. केबलवर चिकटपट्टी आणि तिच्यावर त्यांच्या अक्षरात 'हात लावू नये'. लेकीशी व्हिडिओवर रोज अर्धा तास बोलतात, कधी तुटत नाही. काकांना बोलायचं असेल तर त्यांनी काकूंच्या खुर्चीमागे उभं राहायचं.

पुढे फायबर आलं. तांब्याची तार गेली, स्प्लिटर गेला, शून्य-पस्तीस गेलं. आमच्या मजल्यावर बसवायला आला तो पोरगा विशीतला, कानात ब्लूटूथ. काका अर्थात हजर. पोरगा म्हणाला, "काका, एकच डबा. वायफाय आतच आहे, तुमच्या राउटरची गरज नाही."

"असू दे. याला ब्रिजला टाक आणि मागे आमचा राउटर लाव."

"तसं नसतं करत, काका."

"तुझ्या डब्याचा पत्ता काय?"

पोरग्याने डबा उलटा करून स्टिकर वाचला. "एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक, एक."

काकांनी नुसतं आमच्याकडे बघितलं. चेहऱ्यावर धरण शंभर टक्के भरल्याचा आनंद होता. पोरग्याने तरी आपल्या बुद्धीने केबल जोडली. पान उघडेना. डबा बंद-चालू केला, उघडेना. शेवटी गॅलरीत जाऊन त्याने साहेबाला फोन लावला, परिस्थिती सांगितली, थोडा वेळ नुसतं "हो सर, हो सर" केलं आणि आत आला.

"सर म्हणाले, सोसायटीत एखादे काका असतील बघ. ते सांगतील तसं कर."