फौजींचं काय बाई, सगळं फुकटच!

अहो, ऐकलंत का? समोरच्या सुभेदारांच्या मुलीच्या खात्यात छत्तीस हजार जमा झाले! पंतप्रधान शिष्यवृत्ती हो. मुलीला महिना ३,०००, मुलाला २,५००, पण येतात वर्षाचे एकदम. मी पेढे खायला गेले, तर धाकटा हिशेब मांडून बसलेला, "मला सहा हजार कमी का?" आई म्हणाली, "आधी बारावीला ६० टक्के आण, मग भांड." तोंड बघायला हवं होतंत त्याचं!

तर काय सांगत होते... त्या कोपऱ्यावरच्या रो-हाउसवाल्या बाई नाहीत का, त्याही तिथेच. पेढा तोंडात टाकता टाकता म्हणतात कशा, "फौजींचं काय बाई, सगळं फुकटच!" कारगिलला लढलेल्या माणसासमोर हो! सुभेदारकाका पेपरात डोकं घालून बसले. सुभेदारीणबाईंचा चेहरा खाडकन उतरला, पण गप्प बसणारी बाई नव्हे ती. आतून फाइलच आणली आणि डिस्चार्ज बुक उघडून बोट ठेवलं. मुलीचं नाव काय, तर 'बेबी'! ती झाली तेव्हा काका सीमेवर, बारसं व्हायचं होतं, कळवलं तसं चढलं. बारावीच्या मार्कशीटवर अर्थातच दुसरं नाव. मग करा अ‍ॅफिडेव्हिट, लिहा रेकॉर्ड ऑफिसला पत्रं. ते निस्तरलं की ठाण्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला, शिवाय कॉलेजचा, बँकेचा... आणि देशभरातून वर्षाला निवडतात साडेपाच हजार मुलं. पुढेही दर वर्षी ५० टक्के पाडले तरच पैसे चालू.

"पण इंजिनिअरिंगला सीटा असतात ना राखीव?" बाई काही हटेनात. असतात की, ५ टक्के. त्यातही एका कॉलेजात जास्तीत जास्त पाच!

शहिदांच्या मुलांचं वेगळं हं. त्यांची फी सरकार भरतं, ७१ च्या लढाईपासूनची सवलत ती. तिलाही २०१७ मध्ये महिना १०,००० ची मर्यादा घातलीच होती! केवढी ओरड झाली तेव्हा, मार्च २०१८ मध्ये काढावी लागली. काढतील नाही तर काय...

हां, तर खरी गंमत पुढेच. बाई एकदम हळू आवाजात म्हणाल्या, "आमचा खारघरचा भाऊ हवालदार म्हणून रिटायर झालाय. त्याची पोरं शाळेत आहेत अजून." घ्या! सख्खा भाऊ फौजी, आणि ही बाई...! सुभेदारीणबाईंनी तेही सांगितलं. हवालदार आणि त्याखालच्यांना दोन मुलांपर्यंत शिक्षण अनुदान मिळतं, पहिलीपासून पदवीपर्यंत. नोव्हेंबर २०२५ पासून १,००० चे २,००० झालेत, मुलामागे महिन्याला. "आम्हाला नाही मिळत, हे सुभेदार ना," असंही वर हसून ऐकवलं.

बाई लगेच पर्स उचलून निघाल्या, "उद्याच पाठवते त्याला ठाण्याला."

तेव्हा कुठे काकांनी पेपर खाली केला. "ठाण्याला कशाला? खारघर रायगड जिल्ह्यात. अलिबागला जायचं. आणि जाण्याआधी डिस्चार्ज बुकात पोरांची नावं काय आहेत, ते बघायला सांगा."

बाईंनी दारातूनच भावाला फोन लावला. आता मी काही मुद्दाम ऐकत नव्हते, पण "अरे, 'बाळ' काय लिहिलंयस?" हे अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं हो!