मत तयार आहे, पुस्तक नंतर वाचू

"सध्या काय वाचताय?" हा प्रश्न मराठी मुलखात कुठेही अंगावर येऊ शकतो. लग्नाच्या पंगतीत येतो, नाटकाच्या मध्यंतरात बटाटेवड्याच्या रांगेत येतो, दवाखान्यात नंबराची वाट पाहताना शेजारच्या खुर्चीवरून येतो. १५ ऑक्टोबरला तर तो शासकीय इतमामाने येतो. डॉ. अब्दुल कलामांचा हा जन्मदिवस २०१५पासून राज्यात 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून साजरा होतो आणि त्या दिवशी कचेरीतल्या साहेबांनाही एखाद्या पुस्तकाबद्दल चार शब्द बोलणे भाग पडते. "काही नाही" असे उत्तर देण्याची आपल्याकडे रीत नाही.

तेव्हा नुकत्याच वाचलेल्या, वाचायला घेतलेल्या किंवा घ्यायच्या बेतात असलेल्या पुस्तकावर चारचौघांत मत कसे द्यावे, याचे शिस्तशीर मार्गदर्शन होणे गरजेचे आहे. पुस्तक कसे वाचावे यावर पुष्कळांनी लिहिले आहे. त्याचा इथे फारसा संबंध नाही.

सर्वांत आधी पुस्तकाची निवड. नवखा माणूस इथेच फसतो. त्याला वाटते, लहानसे पुस्तक घ्यावे, पटकन उरकते. पण विश्राम बेडेकरांची 'रणांगण' (१९३९) किंवा पु. शि. रेग्यांची 'सावित्री' (१९६२) एका बैठकीत संपते, म्हणूनच समोरच्याने ती खरोखर वाचलेली असण्याचा धोका मोठा. 'सावित्री' ही कादंबरी सगळी पत्रांतून लिहिलेली आहे. तिच्यातल्या चटकदार संवादांची तारीफ करणारा माणूस त्या घोळक्यात पुन्हा तोंड दाखवू शकत नाही.

जाड पुस्तकाचे तसे नसते. भालचंद्र नेमाड्यांची 'हिंदू' (२०१०) किंवा रंगनाथ पठाऱ्यांची 'सातपाटील कुलवृत्तांत' (२०१९) नुसती हातात दिसली तरी लोक आदराने बाजूला सरकतात. ही केवळ आपल्याकडची गोष्ट नाही. जॉर्डन एलेनबर्ग या अमेरिकेतल्या गणिताच्या प्राध्यापकाने २०१४ साली गमतीगमतीत याचा हिशेबच मांडला. किंडलवर वाचकांनी सर्वाधिक अधोरेखित केलेले पाच उतारे घ्यायचे, ते ज्या पानांवर येतात त्या पानांची सरासरी काढायची आणि तिला पुस्तकाच्या एकूण पानांनी भागायचे. लोकांनी शेवटपर्यंत वाचले असेल तर या खुणा पुस्तकभर पसरलेल्या असणार. स्टीफन हॉकिंग यांच्या 'अ ब्रीफ हिस्टरी ऑफ टाइम'चा आकडा ६.६ टक्के निघाला. त्यांच्याच नावाने या निर्देशांकाचे बारसे झाले होते. थॉमा पिकेटी यांच्या 'कॅपिटल'वर त्या वर्षी जगभर तावातावाने चर्चा चालू होती. त्याचा आकडा २.४ टक्के. पुस्तक सातशेच्या आसपास पानांचे, म्हणजे सर्वाधिक अधोरेखित उताऱ्यांची सरासरी सतराव्या पानाच्या सुमारास पडत होती. जाड पुस्तकावर मत द्यायचे असेल तर पंचवीस पाने वाचावीत, असे आमचे माप आहे. जगाच्या सरासरीपेक्षा आठ पाने पुढे राहता येते.

निवड झाली की क्रियापद. "वाचतोय" म्हणू नये, कारण "कुठवर आलात?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. "वाचलं" म्हणू नये, कारण शेवट विचारतात. "पुन्हा वाचतोय" म्हणावे. पहिल्यांदा वाचले होते तेव्हा वय लहान होते, आता वेगळेच काही हाती लागते आहे, असे पुढे जोडावे. काय हाती लागते ते अजून नेमके सांगता येत नाही, हेही खरेच असते.

नेमाड्यांच्याच 'कोसला'साठी मात्र स्वतंत्र तयारी हवी. १९६३ साली आलेल्या या कादंबरीवर गेल्या साठ वर्षांत इतके बोलले गेले आहे की तिच्यावर मत नसलेला माणूस संशयास्पद ठरतो. बोलताना 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' हे दोन शब्द सढळ हाताने पेरावेत. निम्मे काम तिथेच होते. उरलेले निम्मे नायकाच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूच्या भागाचा उल्लेख करून गप्प बसल्याने होते. गप्प बसणे इथे फार महत्त्वाचे आहे. बोलत राहिल्यास नायक पांडुरंग सांगवीकरच्या बापाचे काय, पुणे सोडून गावी परतल्यावर त्याचे काय, असे तपशील निघतात आणि मग वगैरे पुरत नाही.

जी. ए. कुलकर्ण्यांच्या बाबतीत सगळेच 'नियती' म्हणतात, त्यामुळे त्या शब्दाला आता भाव राहिलेला नाही. त्यापेक्षा किस्सा सांगावा. धारवाड, काळा चष्मा, माणसांपासून चार हात दूर राहणे, 'काजळमाया'च्या प्रकाशनाच्या तारखेवरून वाद झाला तेव्हा साहित्य अकादमीचा पुरस्कार परत करणे, एवढा ऐवज अर्ध्या तासाला पुरतो. कथांपर्यंत जायची वेळच येत नाही. लेखकाच्या किश्शांवर पुस्तकाची वेळ मारून नेण्यात मराठी वाचकाचा हात धरणारा दुसरा कोणी नसेल. नंदा खरे यांनी 'उद्या'साठी जाहीर झालेला अकादमी पुरस्कार नाकारला, हे पुष्कळांना ठाऊक असते. ती कादंबरी कोणत्या उद्याबद्दल बोलते, एवढे तेवढ्यांपैकी कोणाला विचारू नये.

प्रस्तावना हा पुढचा आधार. ती लिहिणाऱ्याने पुस्तक वाचलेले असते असे धरून चालायला हरकत नाही, शिवाय त्याची मते नेटकी, वापरायला तयार असतात. मलपृष्ठावरचा मजकूर त्याहून आखूड, पण तो सगळेच वाचतात आणि दोघांनी एकच वाक्य बोलण्याचा प्रसंग ओढवतो. प्रस्तावनेतही एक अपवाद सांभाळावा. नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'ला (१९७२) विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे. ती वाचून कोणी मत ठोकायला जाईल तर पंचाईत होईल, कारण तेंडुलकरांसारख्या माणसाने तिथे आपल्याला या जगातले, या कवितेतले अनेक शब्द कळत नाहीत हे उघड मांडून ठेवले आहे आणि कवीलाच अर्थ विचारले आहेत. होतकरूंनी हे उदाहरण डोळ्यांआड करावे. इतका नावाजलेला लेखक 'कळलं नाही' असे छापून मोकळा झाला, तर बाकीच्यांनी करायचे काय?

ऑक्टोबर हा परीक्षेचा महिना. साहित्याचे नोबेल जाहीर होते ते आपल्याकडच्या दुपारच्या साडेचारला, ऐन चहाच्या वेळी, आणि सहाच्या आत मत लागते. २०२५ साली हंगेरीच्या लास्लो क्रास्नाहोर्काय यांचे नाव आले तेव्हा अनेकांचा पहिला तास नाव उच्चारण्यातच गेला. अशा वेळी सिनेमाकडे वळावे. त्यांच्या 'सातानटँगो' या कादंबरीवर बेला तार यांनी १९९४ साली केलेला सिनेमा सात तासांहून मोठा आहे. तो पाहिला म्हणून सांगावे. पुढे कोणी काही विचारत नाही, फार तर तब्येतीची चौकशी करतो. गीतांजली श्री यांच्या 'रेत समाधि'चा मामला वेगळा होता. कादंबरी हिंदीत २०१८ साली आली, डेझी रॉकवेल यांच्या इंग्रजी अनुवादाला आंतरराष्ट्रीय बुकर मिळाला २०२२ साली, आणि मग हिंदी व्यवस्थित वाचता येणाऱ्या आपल्या मंडळींनी इंग्रजी प्रत मागवून "अनुवादात मूळची मजा येत नाही" असा निर्वाळा दिला.

आता प्रतिकूल मत. स्तुती कोणीही करतो. नापसंतीने वजन वाढते. तिची सर्वांत जुनी आणि सोपी तऱ्हा म्हणजे शुद्धलेखन काढणे. तिला थोर परंपरा आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली 'निबंधमाला' सुरू केली आणि तिच्यातून जोतीराव फुल्यांच्या लेखनाचा समाचार घेताना त्यांच्या भाषेची, व्याकरणाची मनसोक्त टिंगल केली. फुल्यांचे म्हणणे काय, त्यातले पटते काय, या कटकटीपेक्षा ऱ्हस्व-दीर्घ बरे. फुल्यांची 'गुलामगिरी' (१८७३) आजही छापली जाते, विकत घेतली जाते, हातोहात फिरते. पण व्याकरण काढणाऱ्याने त्याचे वाईट वाटून घ्यायचे कारण नाही. त्याचा हेतू त्या संध्याकाळपुरता असतो.

लेखक हयात असेल आणि त्याच गावात राहत असेल, तर टोपणनाव घ्यावे. 'ललित' मासिक १९६४ साली निघाले आणि त्यात 'ठणठणपाळ' हातात हातोडा घेऊन मराठी साहित्यिकांना टपल्या मारू लागला. व्यंगचित्रकार वसंत सरवट्यांनी त्याला चेहरा दिला. मागचा माणूस जयवंत दळवी. दळवी स्वतः कादंबरीकार, त्यामुळे कुठे मारले की लागते हे त्यांना पक्के माहीत होते. ज्यांची टोपी उडवली जाई तेही महिन्याच्या सुरुवातीला आपले नाव आहे का ते आधी पाहत, असे म्हणतात. नसले तर जास्त वाईट वाटे.

प्रतिकूल मत देण्याची एक पद्धत मात्र मुळीच गिरवू नये. ती लिओ टॉलस्टॉयची. त्यांना शेक्सपिअर आवडत नव्हता. सरळ तसे म्हणून टाकायचे, तर या गृहस्थाने तो रशियनमध्ये वाचला, इंग्रजीत वाचला, जर्मन अनुवादात वाचला. आपलेच काही चुकते आहे की काय म्हणून वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा वाचला. पंच्याहत्तरीला आले तेव्हा नाटकांवर परत एकदा हात फिरवला आणि मग कुठे १९०६ साली 'मला हा लेखक पटत नाही' अशा अर्थाचा निबंध छापला. मत बहुतेकांना चुकीचे वाटले. पण एका नापसंतीसाठी पन्नास वर्षे घालवायची, तर लग्नाच्या पंगतीत माणसाने काय बोलावे?

या विद्येला तात्त्विक बैठकही आहे. पॅरिसमध्ये साहित्य शिकवणाऱ्या पिएर बायार यांनी २००७ साली न वाचलेल्या पुस्तकांविषयी कसे बोलावे यावर अख्खे पुस्तक लिहिले. त्यांनी पुस्तकांचे चार वर्ग पाडले: अजिबात ठाऊक नसलेली, चाळलेली, ऐकीव आणि विसरलेली. आपण उल्लेख केलेले प्रत्येक पुस्तक कोणत्या वर्गातले, हे ते तळटिपांत प्रामाणिकपणे नोंदवत जातात. 'वाचलेली' असा पाचवा वर्ग नाही. बायार म्हणतात ते थट्टेवारी नेण्यासारखे नाही. वाचलेले पुस्तकही वर्षभरात विसरलेल्यांत जमा होते, हे कोणत्याही वाचकाने स्वतःशी तपासून पाहावे. खुद्द बायार यांच्या पुस्तकावर मते देणाऱ्या बहुतेकांनी त्यांचीच पद्धत वापरली असावी, असा आमचा दाट संशय आहे.

उलट्या टोकाला डेव्हिड लॉज यांच्या 'चेंजिंग प्लेसेस' (१९७५) या कादंबरीतला खेळ आहे. प्रत्येकाने आपण न वाचलेल्या एका पुस्तकाचे नाव घ्यायचे. हजर असलेल्यांपैकी जितक्यांनी ते वाचले असेल तितके गुण. म्हणजे जितकी मोठी नामुष्की तितकी जीत. इंग्रजीचा एक प्राध्यापक जिंकायच्या ईर्ष्येने 'हॅम्लेट' म्हणतो. खेळ जिंकतो आणि नोकरी गमावतो.

हा खेळ मराठी बैठकीत खेळू नये. कोणी 'श्यामची आई' म्हणाले तर सगळे हात वर होतील, पण ते हात नीट तपासावे लागतील. शाळेच्या पुस्तकातला एक धडा, अत्र्यांचा १९५३ सालचा सिनेमा आणि लहानपणी कोणीतरी डोळे पुसत सांगितलेली एखादी गोष्ट, या तिन्हींची बेरीज आपल्याकडे 'वाचलं' अशी होते. साने गुरुजींचे पुस्तक प्रकरणांत नसून रात्रींत विभागले आहे. "तुमची आवडती रात्र कोणती?" एवढे विचारले की अर्धे हात खाली येतात.

ज्यांना तोंडी मत देण्याचे धाडस नाही त्यांच्यासाठी ग्रंथालयाची प्रत आहे. खाकी कव्हर, पाठीवर पांढऱ्या शाईने लिहिलेला दाखल क्रमांक, बाइंडरने इतकी कसून शिवलेली की आतल्या बाजूची अक्षरे शिवणीत गेलेली. तिच्या समासात शिसपेन्सिलीने मत लिहावे. "खरंय!" हे सर्वांत प्रचलित. त्याच्या खाली वेगळ्या हस्ताक्षरात "काय खरंय?" आणि त्याच्या खाली बॉलपेनने "ग्रंथालयाची पुस्तके खराब करू नयेत." चौथा वाचक शेवटच्या पानावर "वेळ वाया गेला" लिहितो, निदान तो शेवटच्या पानापर्यंत पोचलेला असतो, आणि हे वर सांगितलेल्या किंडलच्या हिशेबात फार वरचे स्थान आहे.

एवढी तयारी असूनही एका जातीच्या माणसापुढे काही चालत नाही, तेव्हा त्याची ओळख सांगून ठेवतो. तो बहुधा निवृत्त प्राथमिक शिक्षक असतो, माणदेशाकडचा. वाचनालयात कोपऱ्यातल्या बाकावर बसतो, "मला पुस्तकातलं फारसं काही कळत नाही" अशी सुरुवात करतो. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'वर (१९५५) बोलणे चालू असते. कोणी प्रादेशिकता म्हणते, कोणी अमोल पालेकरांच्या सिनेमाची आठवण काढते. हा गृहस्थ म्हणतो, "मास्तरनं एवढ्या हौसेनं सगळ्यांच्या हातनं तालीम बांधून घेतली. मागनं दुष्काळ पडला, गाव उठून गेलं. त्या तालमीत पुढं कोण उतरलं असंल का? बहात्तर साली आमच्या वाडीत नवी शाळा झाली होती. रंगाचा वाससुद्धा गेला नव्हता. पोरं सगळी आईबापांबरोबर खडी फोडायला."

इथे 'पुन्हा वाचतोय' म्हणू नये, किस्सा काढू नये, प्रस्तावनेचा आधार घेऊ नये. "मी वाचलेलं नाही" एवढेच सांगावे आणि गुरुजी पुस्तक जमा करतील तेव्हा ते आपल्या कार्डावर लावायला ग्रंथपालांना सांगून ठेवावे. 'बनगरवाडी' लहान आहे. दोन संध्याकाळी पुरतात.