स्वयंभू सर्व्हरवाला

मॅस्टोडॉनचा स्वतःचा सर्व्हर चालवणारा माणूस स्वातंत्र्याने झपाटलेला असतो, असा एक समज आहे. तो पसरवण्यात त्याचा स्वतःचाच वाटा मोठा आहे. कंपन्या आपल्याला विकतात, आपलं बोलणं कुणाला दाखवायचं हे त्या ठरवतात, उद्या खातंच बंद केलं तर दाद कुणाकडे मागायची, हे सगळं तो समोरचा चहा निवायच्या आत सांगून मोकळा होतो; आणि त्यातलं काही खोटं नसतं. पण माणूस काय बोलतो यापेक्षा रविवारी काय करतो ते पाहावं. या गृहस्थाचा रविवार पाहिला, तर स्वातंत्र्याच्या नावाखाली एवढी बंधनं आपणहून गळ्यात घालून घेणारा दुसरा माणूस सापडणं कठीण. माझं म्हणणं असं, की त्याला स्वातंत्र्य नको असतं. त्याला हवी असते विचारणा. ‘काय हो, सकाळपासून फोटो दिसत नाहीत?’ असं कुणीतरी विचारावं आणि आपण गंभीर चेहऱ्याने ‘बघतो’ म्हणावं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप आहे.

मॅस्टोडॉन ही समाजमाध्यमाची प्रणाली जर्मनीतल्या ऑयगेन रोच्को या तरुणाने २०१६ साली बाहेर आणली. तिचा कोड सर्वांना खुला आहे. कुणीही तो उतरवून घ्यावा, आपल्या यंत्रावर बसवावा आणि अ‍ॅक्टिव्हिटीपब नावाच्या सामायिक नियमावलीनुसार बाकीच्या सर्व्हरांशी देवघेव सुरू करावी. ही नियमावली वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्टियमने जानेवारी २०१८मध्ये अधिकृत केली. त्यामुळे कोथरूडमधल्या कुणी उभारलेल्या सर्व्हरवरचा माणूस जपानी सर्व्हरवरच्या चित्रकाराला खुशाल फॉलो करू शकतो. बहुतेक लोक एखाद्या चालू सर्व्हरवर खातं उघडतात आणि मांजरांचे फोटो टाकायला लागतात. आपला नायक तसं करत नाही. तो टर्मिनलची काळी खिडकी उघडतो. मग ती खिडकी त्याला एकेक प्रश्न विचारते: डोमेन कोणतं? सर्व्हर एकट्यासाठी की इतरांसाठीही? पोस्टग्रेस कुठे आहे? रेडिस कुठे आहे? फोटो क्लाउडवर ठेवायचे का? ईमेल याच यंत्रावरून पाठवायची का? बँकेच्या अर्जावर स्वतःची जन्मतारीख लिहिताना वैतागणारा हा माणूस इथे प्रत्येक प्रश्नाला मन लावून उत्तर देतो. सगळी उत्तरं ‘डॉट एन्व्ह डॉट प्रॉडक्शन’ नावाच्या फाइलीत जमा होतात. नावाच्या सुरुवातीला टिंब असल्यामुळे ही फाइल साध्या यादीत दिसत नाही. त्याच्या आयुष्यातल्या सगळ्यात महत्त्वाच्या दस्तऐवजाचा घरात कुणालाच पत्ता नसतो, तो असा.

पहिल्याच प्रश्नात किती गुंता आहे ते पाहा. इथे सदस्याच्या नावापुढे सर्व्हरचं डोमेन लागतं आणि जगभरचे सर्व्हर त्या जोडनावानेच माणसाला ओळखतात. ते मागाहून बदलायची सोय नाही. बदललं, तर बाकीच्यांच्या लेखी जुनी माणसं गायब झाली आणि अनोळखी कुणीतरी उगवले. मुलाचं नाव बारशाला ठरत नसेल तर पुढे बदलता येतं, राजपत्रात छापून आणता येतं. डोमेनला राजपत्र नाही. म्हणून हा माणूस तीन आठवडे नुसत्या नावावर घालवतो, आणि त्याची ही धास्ती अनाठायी नाही. ‘क्विअर डॉट एएफ’ नावाचा एक मॅस्टोडॉन सर्व्हर होता. शेवटची ‘एएफ’ ही अक्षरं अफगाणिस्तानची. फेब्रुवारी २०२४मध्ये तालिबानच्या राजवटीने ते डोमेन काढून घेतलं आणि सर्व्हर बसला. त्याआधी २०२३च्या जुलैत मालीच्या ‘एमएल’ डोमेनांवर अशीच संक्रांत आली होती. अमेरिकेतल्या कंपनीच्या मनमानीला कंटाळून निघालेला माणूस काबूलच्या मंत्रालयाच्या दारात जाऊन पोचतो, ही या स्वातंत्र्याची एक बाजू. यंत्राचंही तसंच. भाड्याने घेतलेला सर्व्हर पुष्कळदा जर्मनीत, फाल्केनश्टाइनसारख्या गावातल्या डेटासेंटरमध्ये असतो, कारण तिथे तो स्वस्त पडतो. एका पेठेतल्या दोघांचा मिसळीवरून झालेला वाद आधी सॅक्सनीत जातो आणि मग शेजारच्या गल्लीत येतो.

खरी कसोटी मात्र ईमेलची. नवं खातं पक्कं व्हायला खातरजमेची ईमेल पोचावी लागते. भाड्याच्या यंत्रांवर ईमेल पाठवायचं पंचवीस नंबरचं पोर्ट बहुतेक वेळा आधीच बंद करून ठेवलेलं असतं, म्हणजे दुसऱ्या कुणाची तरी मेलसेवा जोडणं आलं. मग डोमेनच्या नोंदींमध्ये एसपीएफ, डीकेआयएम अशी प्रशस्तिपत्रं चिकटवायची. एवढं करून ती ईमेल जाते कुठे, तर स्पॅममध्ये. त्यामुळे स्वतंत्र संवादमाध्यमाचा शुभारंभ बहुधा फोनवर होतो: ‘अरे, स्पॅममध्ये बघ. नाही? मग प्रमोशन्समध्ये बघ.’ हा टप्पा ओलांडला की साइडकिक नावाचा रांगा सांभाळणारा कारकून कामाला लागतो. कुणी एक पोस्ट लिहिली, की ती त्याच्या अनुयायांच्या प्रत्येक सर्व्हरवर वेगवेगळी पोचवायची. एखादा सर्व्हर झोपला असेल तर थांबून पुन्हा, आणखी थांबून पुन्हा. या रांगांचा एक आलेख असतो. त्या आलेखाची रेघ वर चढताना पाहून या माणसाच्या चेहऱ्यावर जे भाव येतात, ते एकाही पोस्टला आलेल्या पसंतीने येत नाहीत. आणि डिस्क! सदस्य पाच, पण ते पाच जण ज्या हजारोंना फॉलो करतात त्या सगळ्यांचे फोटो हा सर्व्हर स्वतःकडे उतरवून ठेवतो. सात दिवसांहून जुने परके फोटो पुसायची एक आज्ञा आहे, ती रोज पहाटे आपोआप चालावी अशी व्यवस्था करायची असते. ती करायची राहिली तर एके दिवशी डिस्क भरते, डेटाबेस लिहायचं थांबतो, आणि ब्राझीलमधल्या अनोळखी माणसाच्या नाश्त्याच्या फोटोंपायी पाच मराठी माणसं मुकी होतात. माझ्या म्हणण्याला याहून चांगला पुरावा नाही. स्वातंत्र्याची तहान असलेला माणूस पहिल्याच डिस्कला पळून गेला असता. हा मोठी डिस्क घेतो.

कुणी म्हणेल, ही नुसती मिरवण्याची हौस आहे. स्वतःच्या डोमेनचं नाव लावायला मिळतं, बस्स. तसं असतं तर तो पुष्कळ बोलला असता. ज्याने बोलण्यासाठी एवढं उभं केलं त्याची पोस्टं काढून वाचावीत. ‘आज रात्री ११ ते ११.३० सर्व्हर बंद राहील.’ ‘अपडेट झालं, काही अडलं तर कळवा.’ ‘क्षमस्व, पुन्हा एकदा.’ लग्नात पंगतीला वाढणाऱ्याला जेवणाची चव शेवटी निवलेल्या वरणात कळते, तशी याला आपल्या व्यासपीठाची चव. एके ठिकाणी मात्र त्याची हौस उघडी पडते. मॅस्टोडॉनमध्ये पोस्टला ५०० अक्षरांची मर्यादा असते आणि ती बदलायचं बटण नाही, थेट कोडमध्ये हात घालावा लागतो. तो घालतो. मर्यादा ५,००० करतो. मग दर नव्या आवृत्तीला त्याचा बदल आणि मूळ कोड यांची टक्कर होते, आणि दर वेळी तो ती टक्कर सोडवत बसतो. या वाढीव जागेत आजवर कुणी काय लिहिलं म्हणाल, तर ‘अक्षरं वाढवली आहेत, चाचणी करून पाहतोय’.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हा माणूस मोठ्या मालकांना शिव्या देतो आणि स्वतः छोटा मालक होऊन बसतो. हे खरंच आहे, आणि ते झाकायचं कारण नाही. मॅस्टोडॉनवरचे खाजगी संदेश टोकापासून टोकापर्यंत कुलूपबंद नसतात. ते सर्व्हरच्या डेटाबेसमध्ये साध्या अक्षरांत असतात, आणि लिहिताना प्रणालीच तशी सूचना देते. अ‍ॅडमिनने ठरवलं तर तो वाचू शकतो. पूर्ण परका सर्व्हरच्या सर्व्हर तोडूनही टाकू शकतो, आणि तसं केलं की दोन्हीकडच्या माणसांची फॉलो-नाती त्याच क्षणी तुटतात. सत्ता आहेच. पण सत्तेचा उपभोग घ्यायला सवड लागते. मेटा कंपनीचं थ्रेड्स २०२३च्या जुलैत आलं आणि तेही याच जाळ्यात सामील होणार अशी बातमी फिरली, तेव्हा ते येण्याआधीच अनेक सर्व्हरवाल्यांनी त्याला तोडायच्या आणाभाका घेतल्या. अकरा खात्यांच्या सर्व्हरचा धनी कोट्यवधींच्या कंपनीला वाळीत टाकावं की नुसतं मर्यादित ठेवावं यावर रात्र रात्र जागतो, दोन्ही बाजूंचे मुद्दे मांडणारं निवेदन काढतो, सदस्यांचं मत मागवतो. तिघं मत देतात. दोन ‘तुला योग्य वाटेल ते’. हुकूमशाहीची एवढी दमछाक इतिहासात क्वचित झाली असेल. त्यात भर आपल्याकडच्या कायद्याची. फेब्रुवारी २०२१च्या माहिती-तंत्रज्ञान नियमांत मोठ्या माध्यमांसाठी ५० लाख वापरकर्त्यांची रेघ ओढली आहे. पण तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव जाहीर करणं आणि तक्रारीची २४ तासांत पोच देणं हे लहान मध्यस्थांनाही सुटलेलं नाही. म्हणजे सर्व्हरवाला हाच चालक, हाच नियामक, हाच तक्रार निवारण अधिकारी. त्याच्याविरुद्धची तक्रार त्याच्याकडेच येते, आणि ती आल्याची पोच तो स्वतःच्या सहीने देतो. मोठ्या कंपनीत तक्रार केली तर उत्तर यंत्र देतं. इथे जिवंत माणूस सापडतो, ज्याचा नंबर आपल्याकडे असतो आणि ज्याला लग्नात गाठताही येतं. मालक आणि हा यांच्यात फरक आहे तो एवढाच, पण तो लहान नाही.

एवढीच जबाबदारीची आवड असेल, तर पैसे टाकून कुणाकडून चालवून घ्यावा, असंही लोक सुचवतात. तशा सेवा आहेत, आणि हा माणूस इतरांना त्यांचीच शिफारस करतो. स्वतः घेत नाही. विचारलं तर खर्चाचं कारण देतो. पण मेलसेवा, बॅकअप, दुसरी डिस्क आणि रात्रीची कॉफी यांची बेरीज त्याने कधी केलेली नसते. दुसऱ्याने चालवला तर विचारणा दुसऱ्याकडे जाईल, ही खरी अडचण.

एका आक्षेपापुढे मात्र माझी बाजू लंगडी पडते, आणि ती तशीच पडू द्यावी. विचारणेवर जगणारा माणूस विचारणेनेच मरतो. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०१९मध्ये ट्विटरने सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं खातं बंद केलं, तेव्हा भारतातून लोक लोंढ्याने मॅस्टोडॉनकडे वळले. ऑक्टोबर २०२२च्या अखेरीस इलॉन मस्क यांनी ट्विटर घेतलं, तेव्हा जगभरातून. लोंढा येतो त्या आठवड्यात सर्व्हरवाला झोपत नाही, नवी यंत्रं जोडतो, रांगा उपसतो. मग बरेच जण जिथून आले तिथे परत जातात आणि मागे नुसती खाती उरतात. जे राहतात ते भांडतात. ‘मॅस्टोडॉन डॉट लोल’ हा हजारो खात्यांचा सर्व्हर चालवणाऱ्या माणसाने फेब्रुवारी २०२३मध्ये, दोन्ही बाजूंच्या शिव्या खाऊन, तो गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. सदस्यांना दुसरीकडे जाता आलं, कारण अनुयायी सोबत नेता येतात. लिहिलेली पोस्टं मात्र नेता येत नाहीत, ती जुन्या घराबरोबर जातात. एका माणसाच्या दमावर हजारोंचं लिखाण अवलंबून असणं ही काही सुव्यवस्था नव्हे. दमलेली कंपनी निदान दुसऱ्या कंपनीला विकली तरी जाते.

आपल्या नायकाच्याही मनात असं येतं. मग तो सर्व्हर कायमचा मिटवायची आज्ञा शोधून काढतो. तिचं नाव ‘सेल्फ-डिस्ट्रक्ट’, आणि ती आधी खात्री म्हणून डोमेनचं नाव पुन्हा टाइप करायला लावते. पण तेवढ्याने सर्व्हर मिटत नाही. सुरुवातीच्या त्या टिंबवाल्या फाइलीत आणखी एक ओळ घालायची, आणि ‘आमची खाती पुसा’ हा निरोप ओळखीच्या प्रत्येक सर्व्हरला पोचेपर्यंत यंत्र चालू ठेवायचं. निरोपही साइडकिकच्याच रांगेतून जातात. म्हणजे सर्व्हर बंद करायचा तर तो काही दिवस नीट चालवावा लागतो, त्यावर लक्ष ठेवावं लागतं, आणि डिस्क भरू देऊन चालत नाही. हे सगळं वाचून झाल्यावर तो हिशेब करतो, की या महिन्याचं भाडं तर दिलेलंच आहे, महिनाअखेरपर्यंत राहू द्यावा. तोवर मॅस्टोडॉनची नवी आवृत्ती आलेली असते, आणि तिच्याबरोबरची सूचना सांगते की या वेळी डेटाबेसचीही आवृत्ती वाढवावी लागेल.