मगरीची जबाबदारी कोणाची?

जाइर बोल्सोनारो यांनी कोविडच्या साथीत काहीच केलं नाही, हा आरोप धादांत खोटा आहे. ब्राझीलच्या या तत्कालीन राष्ट्राध्यक्षांनी क्लोरोक्विनचा खोका प्रासादाच्या हिरवळीवरच्या शहामृगासारख्या रिया पक्ष्यांपुढेसुद्धा धरला होता. पक्ष्यांनी तोंड फिरवलं. त्या आवारात तज्ज्ञांचं ऐकणारं कोणीतरी होतं म्हणायचं!

एप्रिल २०२० मध्ये मृतांचा आकडा पाच हजारांवर गेला, तेव्हा साहेब म्हणाले, "मग? वाईट वाटतं. मी काय करू?" हे सांगायला आरोग्यमंत्री असतो, पण दोन डॉक्टर-मंत्री महिन्याभरात गेले. मग आले जनरल पाझुएलो. रसदपुरवठ्यातले जाणकार अशी ख्याती. त्यांच्या खात्यानं आमेझोनास राज्याच्या ७८ हजार लशी आमापा राज्यात पोचवल्या. नावं सारखी वाटतात हो, चालायचंच! मनाउस शहरात ऑक्सिजन संपून माणसं गुदमरून गेली, तेव्हा शेजारच्या व्हेनेझुएलानं टँकर धाडले.

फायझरनं ऑगस्ट २०२० मध्येच ७ कोटी डोस देऊ केले होते. सरकार गप्प. डिसेंबरात साहेबांनी कारण सांगितलं: दुष्परिणामांची जबाबदारी कंपनी घेत नाही, उद्या तुमची मगर झाली तर तुमचं तुम्ही बघा. दूरदृष्टी बघा, माणसांचं काय होतंय यापेक्षा मगरीची काळजी आधी.

जानेवारी २०२१ मध्ये पुण्याच्या सीरमच्या २० लाख लशी तिकडे निघाल्या. साहेबांनी संजीवनीचा डोंगर उचललेल्या हनुमानाचं चित्र टाकून 'धन्यवाद' लिहिलं. आपण इकडे गहिवरलो. साहेबांनी स्वतः मात्र लस घेतली नाही. लक्ष्मणानं मारुतीरायाकडे दुष्परिणामांची हमी मागितली असती, तर रामायण युद्धकांडातच आटपलं असतं.

सिनेटच्या चौकशी समितीनं हिशेब मांडला. २६ ऑक्टोबर २०२१ रोजी ७ विरुद्ध ४ मतांनी अहवाल मंजूर झाला: बाराशेहून अधिक पानं, साहेबांवर ९ गुन्हे, तोवर मृत ६ लाखांवर. बाबा यावर काय म्हणतील, असं विचारल्यावर सिनेटर चिरंजीवांनी बाबांच्या हसण्याची नक्कल करून दाखवली. अहवाल महाअभियोक्त्यांकडे गेला. साहेबांनीच नेमलेले गृहस्थ. त्यांनी तो जपून ठेवला. २०२२ मध्ये जनतेनं जनरलसाहेबांना खासदार केलं. साहेब हरले, पण ४९ टक्के मतं घेऊन.

सप्टेंबर २०२५ मध्ये अखेर साहेबांना २७ वर्षं ३ महिन्यांची शिक्षा झाली. सत्ता उलथवण्याच्या कटाबद्दल! खुर्ची चोरायला निघालात तर न्यायालय जागं होतं. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी साथीच्या अहवालावर पोलिस चौकशीचा आदेश दिला. अहवाल तेव्हा जेमतेम चार वर्षांचा होता. घाई कसली? एवढी पानं वाचायला वेळ लागतोच.